खुब्याला नवे बळ देणारा शल्यविशारद

सोलापूर, लातूर किंवा पुण्याच्या रुग्णालयात खुब्याचा सांधा बदलून घेऊन कळंब, परंडा, उमरग्याकडच्या गावांत परतणारे वृद्ध आता नवलाईचे राहिलेले नाहीत. धातूचा चेंडू आणि प्लास्टिकची उखळी शरीरात घेऊन ते घरी येतात. सोबत व्यायामाचा एक कागदही असतो. सांधा जिवापाड जपला जातो, कागद मात्र बहुधा फडताळात पडून राहतो. वेदना थांबली म्हणजे उपचार संपला, हा समज त्यामागे असतो. ज्या इंग्रज शल्यविशारदाने हा सांधा घडविला, त्या सर जॉन चार्नली यांच्या हिशेबात मात्र चेंडू-उखळीइतकेच मोल तो सांधा पेलणाऱ्या स्नायूंना होते.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी लँकाशायरमधील बरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते, आई परिचारिका. मँचेस्टर विद्यापीठातून त्यांनी १९३५ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी एफआरसीएस ही पदवीही मिळविली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणून ते कैरोला होते. तेथे लष्करी कार्यशाळेतील कारागिरांना हाताशी धरून ते अस्थिव्यंगासाठीची साधने व उपकरणे बनवून घेत. वैद्यक आणि यंत्रशास्त्र यांची त्यांच्या मनात पडलेली गाठ पुढे कधी सुटली नाही.

स्वभाव हट्टी, काहीसा तापट. १९४६ मध्ये ऑस्वेस्ट्री येथील रुग्णालयात असताना हाडाचे रोपण कसे रुजते, हे पाहण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकरवी स्वतःच्याच नडगीवर प्रयोग करून घेतला. जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली.

खुब्याकडे त्यांचे लक्ष वळले ते एका कुरकुरीमुळे. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी त्या काळी अॅक्रिलिकचा कृत्रिम चेंडू बसविण्याची पद्धत रूढ केली होती. असा चेंडू बसविलेल्या एका रुग्णाच्या हालचालीबरोबर इतका आवाज येई, की त्याच्या पत्नीला जवळ बसणे नकोसे होई. इतरांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. चार्नली यांनी तिच्यात घर्षणाचा प्रश्न पाहिला. घर्षण जास्त असेल तर सांधा हाडातील आपली जागा सोडणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून चेंडू लहान, जेमतेम २२ मिलिमीटर व्यासाचा ठेवायचा, उखळी गुळगुळीत प्लास्टिकची करायची आणि दोन्ही भाग अॅक्रिलिक सिमेंटने हाडात पक्के बसवायचे, अशी रचना त्यांनी उभी केली.

या रचनेतील स्नायूंचा भाग सामान्य वाचकाला क्वचितच सांगितला जातो. माणूस एका पायावर उभा राहिला की शरीराचा भार खुब्याच्या आतल्या बाजूने खाली ओढतो. कंबर त्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू तिला धरून ठेवतात. हा एक तराजूच आहे. मात्र त्याच्या दांडीची भाराकडची बाजू लांब आणि स्नायूंकडची आखूड आहे. त्यामुळे स्नायूंना शरीराच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो आणि सांध्यावर एकूण अडीच ते तीन पट भार येतो. ६० किलो वजनाच्या बाईच्या खुब्यावर चालताना सुमारे १५० ते १८० किलोंचा दाब पडतो. हे स्नायू दुबळे असतील तर नवा सांधा कितीही उत्तम असो, पावलागणिक शरीर एका बाजूला झुकते आणि लंगडणे कायम राहते.

चार्नली यांनी या तराजूची दांडीच बदलायची ठरविली. उखळी अधिक आत बसवून त्यांनी भाराची बाजू आखूड केली. मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा त्याला चिकटलेल्या स्नायूंसह कापून, थोडा बाहेर सरकवून तारेने बांधला, म्हणजे स्नायूंची बाजू लांब झाली. कमी जोरात अधिक काम, असा हा हिशेब होता. पुढे बहुतेक शल्यविशारदांनी हा उंचवटा कापणे सोडून दिले. त्यामागचे गणित मात्र आजही खरे आहे.

यश सहज आले नाही. पहिल्या उखळ्या टेफ्लॉनच्या होत्या. सुमारे ३०० रुग्णांना त्या बसविल्या गेल्या. सुरुवातीला सारे आनंदाने चालू लागले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या भुकटीने आजूबाजूच्या पेशी नासल्या. त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. चार्नली यांनी ही चूक लपविली नाही. टेफ्लॉनची भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली आणि तेथे गाठी आल्याचे जाहीर केले.

उत्तर मिळाले ते कापडाच्या धंद्यातून. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने लँकाशायरच्या यंत्रमागांत वापरले जाणारे उच्च घनतेचे पॉलिथिलीन प्रयोगशाळेत आणले. चार्नली यांना ते फोल वाटले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परगावी असताना ते यंत्रावर चढविले. तीन आठवड्यांतली त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी भरली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नव्या उखळ्या बसू लागल्या. विगनजवळच्या राइटिंग्टन येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात हे काम चाले. हवा गाळून घेणारे बंदिस्त शस्त्रक्रियागृहही त्यांनी तेथेच उभारले आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा सुमारे नऊवरून एकच्या आसपास आणले.

सांधा मिळाला, पण वर्षानुवर्षे दुखऱ्या पायावर भार न टाकल्याने सुकलेले स्नायू शस्त्रक्रियेने भरत नाहीत. त्याची वाट अमेरिकेत आधीच सापडली होती. लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांना वजने उचलायला लावून स्नायूंची ताकद परत आणता येते, हे दाखविले. पुढे ठरलेल्या त्यांच्या पद्धतीत रुग्ण जेमतेम दहा वेळा उचलू शकेल, असे वजन निश्चित करायचे. आधी त्याच्या निम्मे, मग पाऊण आणि शेवटी पूर्ण वजन दहा-दहा वेळा उचलायचे. ताकद वाढेल तसे वजन वाढवायचे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००४ मध्ये खुबा बदललेल्या वृद्धांवर अशा व्यायामाची पाहणी प्रसिद्ध केली. वजनांचा व्यायाम करणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांचे स्नायू भरले. नेहमीच्या हलक्या व्यायामांवर थांबलेल्यांत तशी वाढ दिसली नाही.

त्यासाठी शहरातील व्यायामशाळाच लागते असे नाही. आधी अंथरुणात मांडीचे व पुठ्ठ्याचे स्नायू आवळणे, मग ओट्याला धरून पाय बाजूला उचलणे, उंच खुर्चीवरून उठणे-बसणे, पुढे रबरी पट्टा किंवा घोट्याला वाळूची पिशवी, असा हा क्रम असतो. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली आणि स्नायू शिवले आहेत का, यावर बाजूला पाय उचलणे केव्हा सुरू करायचे हे अवलंबून असते. ते शल्यविशारद आणि फिजिओथेरपिस्ट यांनीच ठरवायचे. खाली मांडी घालून बसण्याचा मोह किंवा तुळजापूरच्या पायऱ्या उतरण्याची घाईही त्यांना विचारूनच.

चार्नली यांना १९७४ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले, पुढच्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९७७ मध्ये सर झाले. आपल्या मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत द्यावा, अशी संमती ते रुग्णांकडून मागत आणि अनेक जण ती आनंदाने देत. ५ ऑगस्ट १९८२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, चार्नली यांचे निधन झाले. तसे परत आलेले सांधे त्यांच्यानंतरही राइटिंग्टनमध्ये तपासले गेले. वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, इतकी सूक्ष्म झीज त्यांत मोजली गेली.