चार्ल्स बूथ

चार्ल्स बूथ (३० मार्च १८४०, लिव्हरपूल – २३ नोव्हेंबर १९१६, लेस्टरशायर) हे इंग्लंडमधील जहाज-व्यावसायिक व समाजसंशोधक होते. लंडनमधील दारिद्र्य रस्त्यागणिक मोजून त्यांनी त्याचे रंगीत नकाशे प्रसिद्ध केले. गरीब वस्त्यांविषयीची भीती आणि तेथील गुन्हेगारीचे प्रमाण यांतील अंतरही त्यांच्या पाहणीतून आकड्यांत पुढे आले.

पूर्वायुष्य

बूथ यांचे वडील धान्याचे व्यापारी होते. त्यांच्या निधनानंतर चार्ल्स यांनी थोरले बंधू आल्फ्रेड यांच्यासह चामड्याचा व्यापार व जहाज कंपनी उभारली. १८७१ मध्ये त्यांचा विवाह मेरी मेकॉले यांच्याशी झाला. भारतातील इंग्रजी शिक्षणाच्या धोरणामुळे परिचित असलेले थॉमस बॅबिंग्टन मेकॉले हे मेरी यांचे चुलते होत.

लंडनची पाहणी

फेब्रुवारी १८८६ मध्ये बेरोजगारांच्या सभेनंतर लंडनच्या श्रीमंत वेस्ट एंड भागात दंगल झाली. ईस्ट एंडमधील गुन्हेगारांचे जमाव शहरावर चालून येतील, अशी धास्ती सुखवस्तू वर्गात पसरली. त्याच वर्षी बूथ यांनी स्वखर्चाने पाहणी सुरू केली. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांची घरोघर नोंद ठेवणाऱ्या शिक्षण मंडळाच्या कर्मचाऱ्यांकडून त्यांनी माहिती मिळवली व लोकसंख्येचे आठ वर्ग पाडले.

१८८८ मध्ये व्हाइटचॅपलमधील खुनांनी ही भीती आणखी वाढली. १८८९ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्व लंडनमध्ये सुमारे ३५ टक्के लोक दारिद्र्यात होते. मात्र अर्धगुन्हेगार मानलेल्या सर्वांत खालच्या वर्गात सुमारे ११,००० माणसे, म्हणजे अवघा सव्वा टक्का होता. हा वर्ग समाजाला लांच्छन असला तरी त्यापासून शहराला धोका नाही, असा निष्कर्ष बूथ यांनी काढला. दारिद्र्याचे मुख्य कारण व्यसन नसून अनियमित काम व अपुरी मजुरी हे असल्याचेही त्यांनी दाखवले.

१८९७ नंतर नकाशे सुधारताना त्यांचे सहकारी पोलिसांसह गल्लोगल्ली फिरले. फुटकी तावदाने, उघडी दारे, रस्त्यावर पडलेले पावाचे तुकडे अशा खुणांची त्यांनी नोंद केली.

मर्यादा

खालच्या वर्गाची संख्या न्यायालयीन नोंदींवरून नव्हे, तर अंदाजाने काढलेली होती. नकाशात या वर्गाच्या रस्त्यांना काळा रंग दिल्याने तेथील सर्वच रहिवाशांवर शिक्का बसला. दारिद्र्याची मोजणी आणि नैतिक निवाडा यांची सरमिसळ हा या वर्गीकरणावरील प्रमुख आक्षेप आहे. अतिगरिबांना श्रमवसाहतींत हलवण्याची त्यांची सूचनाही वादग्रस्त ठरली.

वारसा

ग्रंथाची १७ खंडांची आवृत्ती १९०२–०३ मध्ये पूर्ण झाली. १८९९ मध्ये बूथ रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांनी पुरस्कारिलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९०८ साली संमत झाला. पाहणीच्या मूळ वह्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जतन केलेल्या आहेत.