‘सायलेंट नाइट’चे विस्मृत कवी जोसेफ मोर

नाताळच्या पूर्वसंध्येला जगभरातील चर्चमध्ये जी गीते गायिली जातात, त्यांत ‘सायलेंट नाइट’चे स्थान अनन्यसाधारण आहे. तीनशेहून अधिक भाषा व बोलींमध्ये या गीताची भाषांतरे झाली आहेत. मात्र मूळ जर्मन गीत लिहिणारे धर्मगुरू जोसेफ मोर हयात असताना त्यांना कवी म्हणून ओळखणारे फारसे कोणी नव्हते. गीत जगभर पोहोचले आणि कवी मात्र डोंगरातल्या एका खेड्यात निष्कांचन अवस्थेत मरण पावला.

जोसेफ मोर यांचा जन्म ११ डिसेंबर १७९२ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. आई अ‍ॅना शॉइबर विणकाम करून गुजराण करीत असे. वडील फ्रान्झ मोर हे सैनिक. पलटणीतून ते पळून गेले आणि मुलाच्या वाट्याला केवळ त्यांचे आडनाव आले. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाला त्या काळी शिक्षणाची, धंद्याची, मानाची बहुतेक दारे बंद असत. या मुलाचा धर्मपिता होण्यास पुढे आला तो शहराचा जल्लाद फ्रान्झ जोसेफ वोलमुट. जल्लादाला समाजात स्थान नसे, यावरून त्या कुटुंबाच्या परिस्थितीची कल्पना यावी.

या मुलाच्या गळ्यातील गोडवा कॅथीड्रलमधील गायकवृंदाशी संबंधित धर्मगुरू योहान नेपोमुक हिर्नले यांनी हेरला. त्यांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. जोसेफ चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागला, व्हायोलिन शिकला आणि पुढे धर्मगुरूच्या शिक्षणासाठी दाखल झाला. येथेही जन्माचा प्रश्न आडवा आलाच. अनौरस व्यक्तीला धर्मगुरूची दीक्षा घेण्यासाठी चर्चची खास परवानगी लागत असे. ती मिळाली आणि १८१५ मध्ये वयाच्या बावीसाव्या वर्षी त्यांना दीक्षा देण्यात आली.

पहिली महत्त्वाची नेमणूक झाली ती मारियाफार या डोंगराळ गावी. नेपोलियनच्या युद्धांनी साल्झबर्गचा प्रदेश पिळून निघाला होता. शतकानुशतके स्वतंत्र असलेले हे धर्मसंस्थान संपुष्टात येऊन १८१६ मध्ये ऑस्ट्रियाला जोडले गेले. त्याच वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या परिणामामुळे युरोपात उन्हाळा जणू आलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले. अशा त्या वर्षी मोर यांनी सहा कडव्यांची एक कविता लिहिली. झोपी गेलेले बाळ, जागे मातापिता आणि सर्वत्र पसरलेली शांतता हा तिचा विषय. युद्ध आणि उपासमारीने गांजलेल्या माणसांसाठी शांतता हा शब्द तेव्हा केवळ काव्यातला नव्हता.

प्रकृती बिघडल्याने मारियाफार सोडावे लागलेले मोर १८१७ मध्ये साल्झाख नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे सहायक धर्मगुरू म्हणून आले. मिठाची वाहतूक करणाऱ्या नावाड्यांचे हे गाव. नव्या सरहद्दीने त्याची पलीकडच्या लाउफेन शहरापासून ताटातूट झाली होती आणि धंदाही खालावला होता. गोरगरिबांत मिसळणारा, गाणी म्हणणारा हा तरुण धर्मगुरू वरिष्ठ नॉस्टलर यांना मात्र रुचला नाही. त्यांनी मोर यांच्या वागणुकीविषयी तक्रारही केली.

शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावातील शिक्षक फ्रान्झ झावर ग्रुबर हे ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोर यांनी आपली कविता त्यांच्या हाती दिली आणि दोन आवाज व गिटार यांसाठी चाल लावण्याची विनंती केली. त्याच रात्री संत निकोलस चर्चमध्ये दोघांनी ते गीत गायिले. गिटार मोर यांनी वाजविली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्यामुळे गिटार वापरावी लागली, अशी आख्यायिका पुढे पसरली. ग्रुबर यांनी नंतर लिहिलेल्या निवेदनात मात्र तिचा उल्लेख नाही.

ऑर्गनची कामे करणारे कारागीर कार्ल माउराखर यांच्यामार्फत हे गीत टिरॉल प्रांतातील झिलर खोऱ्यात पोहोचले. तेथील स्ट्रासर कुटुंबाने ते जर्मनीतील लाइपझिग येथे, तर राइनर कुटुंबाने १८३९ मध्ये न्यूयॉर्क येथे गायिले. या प्रवासात कवी व संगीतकारांची नावे गळून पडली. गीत टिरॉलचे लोकगीत म्हणून छापले जाऊ लागले. चाल मिखाएल हायडन यांची असावी, असाही तर्क होऊ लागला.

मोर १८१९ मध्येच ओबर्नडॉर्फहून गेले होते. अनेक गावी बदल्या झाल्यानंतर १८३७ मध्ये ते वाग्राइन येथे स्थिरावले. शिक्षणासाठी परक्याच्या आधाराची गरज काय असते, हे त्यांनी लहानपणी अनुभवले होते. वाग्राइनमध्ये त्यांनी शाळा उभारण्यास चालना दिली, गरीब मुलांच्या शिक्षणाची व वृद्धांच्या आधाराची सोय पाहिली. ४ डिसेंबर १८४८ रोजी फुप्फुसाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. मागे संपत्ती अशी काही उरली नाही.

मोर यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी बर्लिनच्या राजदरबारातील संगीत विभागाने गीताच्या मूळ कर्त्याची चौकशी केली. तेव्हा ३० डिसेंबर १८५४ रोजी ग्रुबर यांनी लेखी निवेदन करून चाल आपली व शब्द मोर यांचे असल्याचे स्पष्ट केले. तरीही शंका पूर्णपणे मिटल्या नाहीत. १९९५ मध्ये मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रत उजेडात आली. तिच्यावर कवितेचे वर्ष १८१६ आणि चालीचे जनक म्हणून ग्रुबर यांचे नाव होते. आपल्या मित्राचे श्रेय कवीने स्वतःच जपून ठेवले होते.

मोर यांचे एकही चित्र त्यांच्या हयातीत काढले गेले नव्हते. म्हणून १९१२ मध्ये त्यांची कवटी थडग्यातून काढून तिच्या आधारे शिल्पकाराने त्यांचा चेहरा घडविला. पुराच्या तडाख्यांनी जीर्ण झालेले ओबर्नडॉर्फचे चर्च पाडले गेले, तेथे १९३७ मध्ये स्मारक चॅपल पूर्ण झाले. मोर यांची कवटी याच चॅपलमध्ये आहे, तर देह वाग्राइनमध्ये, त्यांचे नाव धारण करणाऱ्या शाळेच्या गावात विसावला आहे. ऑस्ट्रियाने २०११ मध्ये या गीताचा देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

१९१४ च्या नाताळात पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर जर्मन आणि ब्रिटिश सैनिकांनी काही काळ बंदुका खाली ठेवल्या, तेव्हा खंदकांतून जी गीते ऐकू आली त्यांत हेही एक होते. सैन्यातून पळालेल्या एका सैनिकाच्या, नाव नसलेल्या घरातील मुलाने लिहिलेले शब्द शत्रूंच्या ओठी एकाच वेळी आले होते. ओबर्नडॉर्फच्या त्या चॅपलपाशी दरवर्षी २४ डिसेंबरला देशोदेशीचे लोक जमतात आणि आपापल्या भाषेत मोर यांचे शब्द गातात.