टबमनबाईंचे थकलेले वेतन

यादवी युद्धे सेनापतींच्या नावाने ओळखली जातात. त्यांत खपलेले स्त्रियांचे श्रम मात्र हिशेबाबाहेर राहतात. हॅरिएट टबमन यांचे चरित्र याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या टबमनबाई १८४९ मध्ये निसटल्या आणि पुढील दहा-अकरा वर्षांत पुनःपुन्हा माघारी जाऊन त्यांनी सुमारे ७० जणांना सोडवून आणले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. पुढच्याच वर्षी त्या उत्तरेच्या सैन्यासाठी साउथ कॅरोलायनात दाखल झाल्या. तेथे त्यांनी शुश्रूषा केली, रांधले आणि हेरगिरीही केली. जून १८६३ मधील कंबाही नदीवरील चढाईला त्यांनी वाट दाखविली. त्या एका मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले.

या सेवेबद्दल हाती पडले ते सुमारे २०० डॉलर! पोटासाठी त्यांना खाद्यपदार्थ करून विकावे लागले. निवृत्तिवेतनासाठी तीस वर्षे झगडल्यावर १८९५ मध्ये दरमहा ८ डॉलर मंजूर झाले, तेही माजी सैनिकाची विधवा म्हणून. १८९९ मध्ये काँग्रेसने ते २० डॉलर केले. परंतु मान्यता मिळाली ती शुश्रूषेला, हेरगिरीला नव्हे. १९१३ मध्ये त्या निवर्तल्या.

२०२४ मध्ये मेरीलँड राज्याने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हे पद दिले. मरणोत्तर सन्मानाने तिजोरीला तोशीस पडत नाही. ती पडते श्रमाचे दाम हयातीत चुकते करताना. राज्यकर्त्यांची कृतज्ञता जोखावयाची ती याच कसोटीवर.