मुलाकडे पाहायला शिकवणाऱ्या ताराबाई

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सकाळी अंगणवाडीत डोकावले, तर चित्र साधारण सारखेच दिसते. दाराशी इवल्या चपला, भिंतीवर फळाफुलांची चित्रे, कोपऱ्यात वजनकाटा, खिचडीचा वास आणि दोन-तीन डझन लेकरांच्या गराड्यात अंगणवाडीताई व मदतनीस. वजनाची नोंद होते, लसीची होते, आहाराची होते. आज ताई कोणत्या मुलाशी किती बोलली, मुलाने काही दाखवायला आणले तेव्हा तिने काय केले, याला मात्र सहसा कुठल्याच नोंदीत रकाना नसतो. ज्या बाईंच्या कामातून अंगणवाडी जन्माला आली, त्यांना हाच रकाना सगळ्यांत महत्त्वाचा वाटला असता. त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे असे मानणारे हे घर होते. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असत. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. संसार फार काळ टिकला नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. पदरात एक मुलगी होती. अशा स्थितीत त्यांनी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. शिक्षिका तयार करण्याची ही नोकरी सुरक्षित होती, मानाची होती.

पण मन भावनगरकडे ओढत होते. तिथे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. अडीच-तीन वर्षांची मुले तिथे मार न खाता, पाढ्यांची घोकंपट्टी न करता शिकत होती. ताराबाईंनी १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. मोठ्यांना शिकवणारी बाई लहानांकडून शिकायला बसली. पुढची जवळजवळ नऊ वर्षे त्या तिथे होत्या.

भावनगरचा पाया माँटेसरी पद्धतीचा होता. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी १९०७ मध्ये पहिले बालगृह उघडले, आणि डॉक्टर रुग्णाला पाहतो तसे त्यांनी मुलाला पाहिले. आधी नीट पाहायचे, टिपून ठेवायचे, मग काय करायचे ते ठरवायचे. एखादे मूल तोच लाकडी ठोकळा वीस वेळा भोकात बसवते आणि काढते, तेव्हा ते चाळा करत नसते, काहीतरी पक्के करत असते. शिक्षिकेने मध्ये पडून ठोकळा काढून घेतला तर तो धडा मोडतो. म्हणून या पद्धतीत शिक्षिकेचे पहिले काम शिकवण्याचे नसते, निरीक्षणाचे असते. ऐकायला सोपे वाटते, पण शिक्षिकेला हे सर्वांत जड जाते. गप्प बसून पाहणे म्हणजे काम टाळणे, असा आपला जुना समज आहे.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. बालशिक्षणाचा विचार पसरवायचा, त्यासाठी लिहायचे आणि शिक्षिका घडवायच्या, असे काम होते. पुढे ताराबाई मुंबईत परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मध्यमवर्गीय मराठी घरांतली मुले तिथे येऊ लागली, बालशिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, नाव झाले. इथेच थांबल्या असत्या तरी मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांची जागा पक्की होती.

त्या थांबल्या नाहीत. शहरातल्या चार भिंतींत, महागड्या साधनांनी चालणारी ही पद्धत खेड्यातल्या मुलाच्या काय उपयोगाची, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या, समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. पुण्यात शाळेत शिकवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण शाळेतली मुले वेगळी आणि तीन वर्षांची मुले वेगळी. ताराबाईंच्या बरोबरीने काम करत करतच अनुताई बालशिक्षणात घडल्या.

बोर्डीत पहिला धडा अपयशाचा मिळाला. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुले येईनात. आईबाप मजुरीवर जात, घरात तान्ही भावंडे असत, आणि गावातल्या त्या जागी आपल्या मुलाने जावे की नाही याचा संकोचही होता. मुले येत नाहीत म्हणून पालकांना बोल लावणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. झाडाची सावली हे छप्पर आणि सारवलेली जमीन ही पाटी. शंखशिंपले, बिया, पाने, गोटे, काड्या ही साधने. मोजणे, जुळवणे, लहान-मोठे लावणे हे सगळे त्यातून होत होते. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून ती अंगणवाडी. आज आपण सरकारी वाटणारा जो शब्द रोज वापरतो, त्याचा उगम हा आहे.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली पाडे होते. इथली अडचण आणखी वेगळी होती. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत यायची तर कडेवरच्या भावाचे काय करायचे? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. या प्रयोगाला विकासवाडी म्हणत. बहीण वर्गात, भाऊ शेजारी पाळण्यात. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा त्यांच्या कुरणात गेली. ती कुरणशाळा.

आरोग्याचे काम यातून वेगळे काढलेले नव्हते. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खायला देणे हा बालवाडीच्या दिवसाचाच भाग होता. आंघोळ घालताना मुलाशी बोलता येते. हात, पाय, कान यांची नावे येतात, गार आणि कोमट कळते, आणि या बाईच्या हातात आपण सुरक्षित आहोत हेही कळते. पोषण आणि शिक्षण ही दोन खाती कागदावर वेगळी असतात. मुलाच्या दिवसात ती एकच असतात.

या सगळ्या प्रवासात ताराबाईंनी एक गोष्ट कधी सुटी होऊ दिली नाही. बालवाडी चालवणे आणि बालसेविका घडवणे ही कामे त्यांनी शेवटपर्यंत बरोबर ठेवली. शिकणाऱ्या बाईला फळ्यावरचे व्याख्यान पुरत नाही. तिला मुलांसमोर उभे राहावे लागते, चुकावे लागते आणि कोणीतरी जवळ बसून ते पाहावे लागते. अनुताईंसारख्या अनुभवी शिक्षिकेलाही पुस्तकापेक्षा सहवासानेच जास्त दिले.

आजचे विज्ञान याच मुक्कामाला वेगळ्या वाटेने पोचले आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींचे जोड झपाट्याने तयार होतात, आणि जे वापरले जातात ते पक्के होतात. त्यांना वापरात आणण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे मूल आणि मोठे माणूस यांच्यातली देवाणघेवाण. मूल बोट दाखवते, आपण तिकडे पाहतो आणि नाव सांगतो. मूल हसते किंवा आवाज काढते, आपण पुन्हा काही बोलतो. चेंडू टाकावा, झेलावा, परत टाकावा तसे. चेंडू परत आलाच नाही तर काही वेळाने मूल टाकायचेच थांबते.

पोटाला अन्न हवेच. पण तेवढ्याने भागते का? जमैकात किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात झालेला एक अभ्यास यावर बोलका आहे. वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या लहान मुलांपैकी काहींना दोन वर्षे पूरक आहार दिला गेला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दर आठवड्याला जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत असे. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची होती. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. पुढच्या वर्षांत केवळ आहाराने बुद्धीच्या वाढीत झालेला फायदा विरत गेला, खेळण्या-बोलण्याचा मात्र टिकला. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कोणी गेले नव्हते त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. आहार थांबवावा असा याचा अर्थ नाही. खिचडीच्या ताटाबरोबर दोन वाक्येही वाढली पाहिजेत, असा आहे.

बालवर्गातली ही देवाणघेवाण मोजण्याची साधनेही आता आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेले ‘क्लास’ हे त्यातले बरेच वापरले जाणारे. प्रशिक्षित निरीक्षक वर्गात साधारण वीस मिनिटे शांत बसतो आणि तीन अंगांनी टिपतो. शिक्षिकेच्या वागण्यात ऊब आहे का, वर्गाची घडी नीट आहे का, आणि ती मुलांना विचार करायला, बोलायला लावते का. पहिली दोन अंगे बऱ्याच वर्गांत बरी निघतात, तिसरे सगळीकडे लंगडे. ताई प्रेमळ असते, मुले शिस्तीत बसतात, पण ज्याचे उत्तर एकाच शब्दात संपते असेच प्रश्न दिवसभर विचारले जातात.

हे सुधारायला एकदाचे शिबिर फारसे पुरत नाही. त्याच विद्यापीठात वापरलेली रीत अशी: शिक्षिका आपल्या वर्गाचे छोटे चित्रीकरण करते, अनुभवी मार्गदर्शक त्यातले दोन-तीन क्षण निवडतो, आणि दोघे मिळून ते पाहतात. मूल काय करत होते, शिक्षिकेने काय केले, मग मुलाने काय केले. दर पंधरवड्याला असे होते. सुरुवात नेहमी जमलेल्या क्षणापासून होते, चूक शोधण्यापासून नाही. तंत्र नवे आहे. जवळ बसून मुलाकडे पाहायचे आणि मग शिक्षिकेशी बोलायचे, हे सूत्र मात्र बालमंदिराच्या काळाइतके जुने.

खानदेशाला यात आणखी एक बारकावा आहे, भाषेचा. मुलाच्या घरी अहिराणी बोलतात. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांत पावरी किंवा भिली. आठे, तठे म्हणणारे मूल अंगणवाडीत आले आणि इथे, तिथे ऐकून गप्प झाले, तर ते मंद नसते. त्याने टाकलेला चेंडू कोणी झेललेला नसतो. ताईने एकदा त्याच्याच बोलीत उत्तर दिले, मग तेच मराठीत म्हटले, तर दोन्ही भाषा त्याच्या होतात. कोसबाडला वारली मुलांकडे जाणाऱ्यांनाही आधी मुलांची बोलीच शिकावी लागली होती.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यात अंगणवाडीताईंचे प्रशिक्षण आहे. ते टिकेल की विरेल हे प्रशिक्षणानंतरच्या भेटींवर ठरेल. पर्यवेक्षिका भेटीला येते तेव्हा नोंदी तपासणे तिला भागच असते. त्याच भेटीत पंधरा मिनिटे तिने एका कोपऱ्यात बसून एकाच मुलाकडे पाहिले, त्याच्याशी कोण किती बोलले ते टिपले, आणि निघताना ताईला एक जमलेली गोष्ट व एक करून पाहण्याची गोष्ट सांगितली, तर तपासणीची भेट शिकण्याची होते. पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात करायची. याला निधी लागत नाही, वेळ मात्र लागतो. तो मिळावा म्हणून ताईच्या आणि पर्यवेक्षिकेच्या डोक्यावरचे नोंदींचे ओझे कमी करावे लागेल. घरीही हेच करता येते. मुलाने काही दाखवले तर हातातला मोबाइल ठेवून पाहायचे, त्याने म्हटलेल्या शब्दाला एक शब्द जोडायचा आणि उत्तरासाठी पाच सेकंद थांबायचे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडच्या टेकडीवरचे काम अनुताईंनी पुढे १९९२ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत चालवले. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. त्याबरोबर आहार गेला, लस गेली, वजनकाटा गेला, आणि त्यांनी असंख्य लेकरे वाचवली. अंगणात मुलाशेजारी बसून त्याच्याकडे पाहणारी बाई मात्र प्रत्येक गावात पोचायची आहे. ती नव्याने आणायची गरज नाही. ती अंगणवाडीत आधीच आहे. तिच्या शेजारी बसणारे कोणीतरी हवे आहे.