आनंद रंग पिल्लई

जुन्या मराठी कागदांतून जें फुलचरी या नांवानें आढळतें, तें पाँडिचेरी शहर १६७४ पासून फ्रेंचांच्या वखारीमुळें नांवारूपास आलें. तेथें गोऱ्यांचे पाद्री कापुचिन, तामीळ ख्रिस्ती मंडळीचे जेझुइट. परंतु रहिवाशांत हिंदूच अधिक, आणि त्यांच्यावांचून कंपनीचा व्यापार चालणें अशक्य. या पेंचांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आनंद रंग पिल्लईंची हकीकत आम्ही सांगत आहों.

त्यांचा जन्म १७०९ सालीं मद्रासेजवळ पेरांबूर येथें झाला. त्यांचे आप्त नैनिया पिल्लई कंपनीचे मुख्य दुभाषे होते. जेझुइटांचा त्यांजवर रोष होता. १७१६ त त्यांस तुरुंगांत टाकण्यांत आलें व तेथेंच त्यांचा अंत झाला. पुत्र गुरुव दाद मागण्यास फ्रान्सला गेले, तेथें ख्रिस्ती झाले आणि वडिलांची जागा मिळवून परतले. ती श्रद्धा होती कीं सोय, हें देवास ठाऊक! पुढें कनकराय मुदली हे ख्रिस्ती गृहस्थ दुभाषे झाले. ते १७४६ त वारल्यावर जेझुइटांस पुन्हां ख्रिस्तीच हवा होता. गव्हर्नर डूप्लेनें अखेर पिल्लईंस नेमलें. त्यासाठीं त्यांनीं धर्म सोडला नाहीं.

१७३६ पासून पिल्लई तामिळींत रोजनिशी लिहीत. जेझुइटांच्या चर्चमध्यें उच्चवर्णीय ख्रिस्ती व परया ख्रिस्ती यांच्यामध्यें भिंत असे. परयांच्या तक्रारीवरून १७४५ त पाद्र्यानें ती पाडविली, तेव्हां वरच्या जातीचे ख्रिस्ती खवळले. हें सारें त्यांनीं टिपून ठेविलें आहे. स्वतः पिल्लईहि जातीचे अभिमानी होतेच.

त्या चर्चलगतच वेदपुरीश्वराचें मंदिर होतें. तें हटवावें हें जेझुइटांच्या मनांत फार दिवसांचें; डूप्लेची पत्नीहि त्यांच्याच बाजूची. सप्टेंबर १७४८ त इंग्रजांचा वेढा पडला असतां तें मंदिर पाडण्यांत आलें व मूर्तीची विटंबना झाली. शहरचे हिंदू पिल्लईंकडे आले. पिल्लईंनीं गव्हर्नरास आव्हान दिलें नाहीं. पद राखलें, आणि घडलें तें वहींत लिहिलें. त्यांस कोणी भित्रे म्हणोत, आम्हां ख्रिस्ती लोकांस तो अधिकार वाटत नाहीं. तीं पानें वाचतांना आमचीच मान खालीं जाते.

१७५४ त डूप्लेस परत बोलाविल्यावर पिल्लईंचें वजन घटलें, प्रकृतीहि खालावली. जानेवारी १७६१ त, इंग्रजांच्या दुसऱ्या वेढ्यांत, ते वारले. त्याच महिन्याच्या १६ तारखेस शहर पडलें. वह्या मात्र घरांत राहिल्या, १८४६ त एका फ्रेंच गृहस्थाच्या दृष्टीस पडल्या, आणि १९०४ ते १९२८ च्या दरम्यान मद्रासेस त्यांचें इंग्रजी भाषांतर बारा खंडांत छापून निघालें.