आधी कान, मग डोळे!

पहाटेची कडाक्याची थंडी, उघडी जिप्सी आणि मागे बसलेली आपली गँग. तेवढ्यात गाइड हात वर करतो, इंजिन बंद होतं. लांबून चितळाचा कॉल येतो. आपल्याला नुसती झाडी दिसते. गाइडला मात्र कळलेलं असतं, वाघ जवळपास आहे. ही विद्या जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचवली ती जिम कॉर्बेटने.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील पोस्टमास्तर. ते लवकर गेले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात सगळे खाली कालाढुंगीला राहायला यायचे. घराला लागूनच जंगल! तिथे कुंवर सिंग नावाचा, चोरून शिकार करण्यात पटाईत असलेला गावकरी जिमचा गुरू झाला. कोणतं पाखरू कशाला ओरडतं, ठसा ताजा की शिळा, हे सगळं जिम पायी फिरत शिकला.

पोटापाण्यासाठी मात्र रेल्वे. बिहारमधल्या मोकामा घाटावर त्याने सुमारे वीस वर्षं माल चढवण्या-उतरवण्याचं काम सांभाळलं. मधूनच कुमाऊँहून निरोप यायचा, नरभक्षक आलाय. १९०७ मध्ये त्याने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. पण तिचे उजवीकडचे सुळे तुटलेले निघाले, तेही जुन्या गोळीने. म्हणजे तिला माणसावर आणलं ते माणसानेच. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. १९३८ मध्ये ठाकची वाघीण तर त्याने वाघाचा हुबेहूब आवाज काढून समोर बोलावली.

जिम काही संत नव्हता. पवळगढचा देखणा वाघ त्याने १९३० मध्ये निव्वळ शिकारीच्या हौसेपायी मारला. त्या वाघाने माणसाला काही केलं नव्हतं. पण याच काळात चॅम्पियन या वन अधिकाऱ्याचे वाघांचे फोटो पाहून त्याच्या हातात कॅमेरा आला. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बुजायचे. मग पठ्ठ्याने ओढ्याला छोटे बांध घातले, पाण्याच्या खळखळाटात तो आवाज बुडवला आणि महिनोन्महिने दबा धरून सात वाघ चित्रित केले! बंदुकीला एक क्षण पुरतो, कॅमेऱ्याला संयम लागतो, हे त्याला पुरतं उमगलं होतं.

१९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्याचीही धडपड होती. १९४७ मध्ये तो बहीण मॅगीसोबत केनियाला गेला. १९५२ मध्ये तिथल्या ट्रीटॉप्स मचाणावर राजकन्या एलिझाबेथ हत्ती-गेंडे बघत होती, तेव्हा सत्तरी ओलांडलेला जिम रायफल घेऊन पहाऱ्याला होता. त्याच रात्री तिचे वडील गेले आणि ती राणी झाली.

१९ एप्रिल १९५५ ला जिम न्येरीत वारला. पुढे त्या उद्यानाला त्याचं नाव मिळालं आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली.

तेव्हा पुढच्या सफारीत वाघ नाही दिसला तर पैसे फुकट गेले म्हणून तोंड पाडू नका. मोबाइल खिशात टाका आणि दहा मिनिटं गप्प बसून ऐका. जंगल बोलतं, आपणच मध्ये बोलत असतो.