लाल मोटारीवरचा काळा घोडा



आपलं भिलाई रेल्वेचे रूळ बनवणारं गाव. इथल्या मुलांना यंत्रांचं वेड नसतं तरच नवल. माझ्या वर्गातल्या बऱ्याच वह्यांवर जुन्या लाल फेरारीचं चित्र असतं. मूळ इंजिन, मूळ रंग शाबूत असलेली आणि अगदी कमी किलोमीटर चाललेली अशी मोटार विकायला निघाली, की जगभरचे संग्राहक कोट्यवधी रुपये मोजतात. तिच्यावरच्या पिवळ्या बिल्ल्यात मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा असतो. हा घोडा मुळात एका सैनिकाचा. त्याची गोष्ट मी तुम्हाला सांगतो.

फ्रांचेस्को बाराका यांचा जन्म ९ मे १८८८ रोजी इटलीतल्या लुगो या गावी झाला. मोदेना येथील सैनिकी अकादमीत शिकून ते घोडदळात अधिकारी झाले. १९१२ साली फ्रान्समध्ये जाऊन ते विमान चालवायला शिकले. ७ एप्रिल १९१६ रोजी त्यांनी शत्रूचं विमान पाडलं. इटलीच्या वैमानिकाने हवाई लढाईत मिळवलेला तो पहिला विजय होता. पुढे त्यांच्या नावावर असे ३४ विजय जमा झाले. इटलीच्या दुसऱ्या कोणत्याही वैमानिकाला त्या युद्धात इतके मिळाले नाहीत.

घोडा सुटला, तरी घोडदळ त्यांनी सोडलं नाही. आपल्या जुन्या रेजिमेंटची आठवण म्हणून त्यांनी विमानाच्या अंगावर तोच घोडा रंगवून घेतला. १९ जून १९१८ रोजी पियावे नदीच्या लढाईत, आपल्या पायदळाला मदत करण्यासाठी विमान अगदी खाली आणून मारा करत असताना ते धारातीर्थी पडले. वय अवघं ३० वर्षं.

१९२३ साली रावेन्नाजवळची एक शर्यत एन्झो फेरारी या तरुण चालकाने जिंकली. महायुद्धात तोही सैन्यात होता. तोफखान्याच्या खेचरांना नाल ठोकायचं काम त्याच्याकडे होतं. या विजयानंतर त्याची बाराकांच्या आईवडिलांशी ओळख झाली. मुलाचा घोडा आपल्या मोटारीवर लावावा, असं आईने त्याला सुचवलं. फेरारीने त्याला आपल्या मोदेना शहराचा पिवळा रंग मागे दिला. १९३२ पासून हा घोडा त्याच्या संघाच्या शर्यतीच्या मोटारींवर धावू लागला, आणि १९४७ साली फेरारीच्या स्वतःच्या नावाची पहिली मोटार निघाली.

या लुगोशी आपलंही नातं आहे. गावाजवळून सेनिओ नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी ती ओलांडली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून सुरक्षित आणलं. मग एकट्याने परत जाऊन शत्रूच्या मशीनगनची ठाणी गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

उद्या तुमच्या टोपीवर एखाद्या रेजिमेंटचं चिन्ह येईल. तुमच्याआधी ते कोणी वागवलं आणि कुठल्या रणांगणावर नेलं, हे आधी वाचून ठेवा. माझ्या तुकडीला या सहामाहीत मी तोच अभ्यास दिला आहे.